गेमचा माउस आणि बाबांची बोट

४ मार्च, सकाळी
माळ्यावरचा जुना व्हिडिओ गेम खाली काढला. सोबत त्याचा खास माउस, पोटात रबरी गोळी असलेला. याच माउसने बाबांनी गेमच्या चित्रकलेच्या कॅसेटवर शिडाची बोट काढली होती. ताई रविवारी येतेय, तिला ती बघायचीय. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच काहीतरी मागितलंय तिने. फोनवर म्हणाली, काही उघडू नकोस, नुसता लावून ठेव. मी काय कुक्कुलं बाळ आहे?

दुपारी
बोट आली टीव्हीवर! माउसचा बाण मात्र ढिम्म. माउस घासून घासून मनगट दुखलं. नुसती बोट दाखवून काय उपयोग? ताईला तिच्यात रंग भरता आला पाहिजे. अजिबात घाई करायची नाही असं ठरवलं. स्क्रू काढले.

५ मार्च
गोळी धुतली. वाळत ठेवली. कपाटाखाली गेली. बायको म्हणाली, ऑफिसला जायचं नाही का? म्हटलं, आधी कपाटाला हात लाव. लावला नाही. घरातून पाठिंबा शून्य.

७ मार्च
गोळी सापडली. बाण ढिम्मच. म्हणजे दोष माउसमध्ये नाही, हे सिद्ध झालं. ही प्रगतीच. साहेबांशी बोलताना माझा हात आपोआप टेबलावर फिरत होता. त्यांनी तब्येतीची चौकशी केली.

८ मार्च
सापडलं! कॅसेटच्या आत बटणाएवढा सेल असतो. इतका जुना सेल, मग बाण हलणार कसा? नवा आणला. दुकानदार मागून ओरडत होता, जुना काढण्याआधी म्हणून काहीतरी. या लोकांना बोलायला निमित्तच हवं. बदलून टाकला. उद्या ताई बघतच राहील.

९ मार्च, रविवार
ताई आली. टीव्ही लावला. कोरा पांढरा कागद. बोट नाही, बाणही हलेना. ताईने वाकून माउसची पिन दुसऱ्या पोर्टमधून काढली, पहिल्यात लावली. बाण सुसाट. म्हणाली, पहिल्यातच लावायचा, बाबा कितीदा सांगायचे. मग विचारलं, बोट कुठाय? मी सेलचं सांगितलं. म्हणाली, अरे, त्या सेलवरच तर टिकून होती ती.
ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. माउस हातात धरून बसली आणि काहीच न काढता उठली. मला फार वाईट वाटलं. खरंच.

संध्याकाळी
तरी बिघडलं काय? बोट मीच काढतो, हुबेहूब. ताईला कळणारही नाही. शीड कुठल्या बाजूला होतं तेवढं आठवत नाहीये. चार तारखेला समोर होती, पण लक्ष सगळं बाणाकडे.