आत ओढलेला श्वास

स्टोरुमन, ११ मार्च

प्रिय ओसा,

तुझं पत्र पोचलं. मुलं बरी आहेत हे कळलं. इथे तळ्यावरचा बर्फ अजून गाडी पेलतो. शेजारचा हेल्मेर दारातला बर्फ काढून देतो आणि कॉफीला थांबत नाही. माझा गुडघा ठीक आहे.

बाबांचं डोळ्यांनी लिहायचं यंत्र गेल्या आठवड्यात पुन्हा सुरू झालं. शरद ऋतूपासून ते नुसतं उभं होतं. दोष यंत्रात नव्हता. पापण्या इतक्या उतरल्या होत्या की कॅमेऱ्याला बुबुळ सापडत नव्हतं. उमेओहून मर्या नावाची तंत्रज्ञ आली. तिनं पापण्या चिकटपट्टीनं उचलून धरल्या, कॅमेरा खालून तिरपा लावला आणि बाबांना पडद्यावरच्या एकेका ठिपक्याकडे बघायला लावलं.

"यॉस्ता, ठिपक्याकडे. माझ्याकडे नको, माझं लग्न झालंय."

अक्षरं उमटायला लागल्यावर बाबांनी पहिलं वाक्य लिहिलं, "माझंही. हिला म्हणावं तो रेडिओ बंद कर."

मर्या हसली. मी रेडिओ बंद केला.

रेडिओवर सकाळची प्रार्थना लावू का, असं मी त्यांना विचारलं होतं आणि ते हो म्हणाले होते. दक्षिणेत राहून तू विसरली नसशील, आपल्याकडे हो म्हणायचं ते श्वास आत ओढून. आमच्या लग्नात बाबांनी तसंच उत्तर दिलं, तर दक्षिणेकडच्या त्या पाद्र्यानं प्रश्न पुन्हा विचारला होता. हिवाळाभर मी काही विचारलं की तो आवाज यायचा. तो श्वासयंत्राचा होता. ते प्रत्येक श्वास तसाच ओढतं. मला हे कळत नव्हतं असं नाही.

नाताळाआधी तू फोनवर म्हणालीस, "श्वासयंत्र चालू ठेवायचं का, हे बाबांना कुणी विचारलंय का, आई?"

मी म्हटलं, "विचारलंय. हो म्हणालेत."

"कसं म्हणाले?"

मी फोन ठेवला. त्यानंतर आपण बोललो नाही.

मी खरंच विचारलं होतं. आवाजही आला होता.

शुक्रवारी डॉक्टरांनी मला बाहेर बसवून बाबांना तोच प्रश्न विचारला. बाबांनी लिहिलं, "बंद करा." सोमवारी पुन्हा विचारलं. उत्तर तेच. डॉक्टर गेल्यावर मी बाबांना विचारलं, कधीपासून? त्यांनी लिहिलं, "पहिला बर्फ पडला तेव्हापासून." मग लिहिलं, "तू दमलीस." मी जाऊन बटाटे सोलले. दोघांना पुरतील इतके सोलले गेले. खाणारी मी एकटीच.

पुढच्या बुधवारी सकाळी करायचं ठरलं आहे. आधी झोपेचं औषध देतात. त्रास होत नाही म्हणतात.

तुला बोलवायचं, असं बाबांनी आपणहून लिहिलं. मंगळवारपर्यंत पोच. बसथांब्यावर हेल्मेर घ्यायला येईल.

आलीस की पलंगाच्या पायथ्याशी उभी राहू नकोस. यंत्राचा पडदा आडवा येतो, त्यांना दिसत नाही. पडद्याच्या शेजारी उभी राहा. ते लिहीत असतात तेव्हा पडद्यावर एक टिंब फिरतं, नजर जाईल तिकडे. तू दिसलीस की ते टिंब नाहीसं होईल. यंत्र बिघडलं असं समजून कुणाला हाक मारू नकोस. ते तुझ्याकडे बघत असतील.

माझ्यावर रागावलेली असलीस तरी ये.

आई