मेषेपासून

इंदापूर
१९ एप्रिल २०२४

प्रिय इमामभाई,

सलाम. ईदेचा शीरखुर्मा तुमच्या परवेजनं घरपोच दिला. मिहिर आणि सूनबाई बाहेर होते, मी एकट्यानंच खाल्ला. उन्हाळा कडक आहे, उजनीचं पाणी पार खाली गेलंय. माझा गुडघा तसाच. तुमच्या छातीचं कसं आहे? सकाळची गोळी घेतली नसेल तर आधी घ्या, मग पुढं वाचा.

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "सर, दुकानाला नवी पाटी करतोय, ती तुमच्याच हातनं लावायची. तुमी नसता तर मी जन्मभर लबाड ठरलो असतो." मी 'बघतो' म्हणालो. मी येणार नाही. का, ते सांगायला हे पत्र.

पंचवीस वर्षांपूर्वी मी माझं मनगटी घड्याळ घेऊन तुमच्या बारामतीच्या दुकानी पहिल्यांदा आलो, तेव्हा तुमच्या टेबलावरच्या काचेखाली एक नाणं होतं. पुण्याच्या पारशी बावांचं लंबकाचं घड्याळ तुम्ही चालू केलंत म्हणून त्यांनी खुशीनं दिलेलं. एका बाजूला बादशहा, दुसऱ्या बाजूला सिंह आणि वर तारा. "सर, शेजाऱ्याच्या पंचांगातली रास ह्या पैशावर कशी आली?" तुम्ही विचारलंत. ते रोमन राज्यातलं, इजिप्तमध्ये पाडलेलं, अठराशे वर्षांपूर्वीचं, कांशाचं, हे मी सांगितलं. त्यावरची ग्रीक अक्षरंही मीच शिकवली. तुम्ही हसून म्हणालात, "आमच्यात पत्रिका बघत न्हाईत, पण ह्यो सिंह रोज बघावासा वाटतो."

पुढं बावांनी एकेक करत तुमच्या सात राशी पुऱ्या केल्या. मेष, वृषभ, कर्क, सिंह, कन्या, वृश्चिक, मीन. मी इतिहासाचा मास्तर. तीस वर्षं नाण्यांची प्रदर्शनं पालथी घालून माझ्याकडे दोनच, आणि तीही इतकी झिजलेली की त्यातला विंचू मी बोट ठेवून दाखवल्याशिवाय कुणाला दिसत नसे.

मग २०१९ सालचं ते प्रदर्शन. भाषणाला तुम्हाला बोलावलं आणि शेवटी नाणी तपासून दोन शब्द बोलायला मला. तुम्ही नववीपर्यंत शिकलेले. अर्धा तास बोललात आणि हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. शेजारी बसलेली विनया, तुमची वहिनी, माझ्या कानाशी म्हणाली, "इतक्या वर्षांत तुम्ही कधी असं नाही हो सांगितलंत."

तिच्या मनात काही नव्हतं. माझ्या मनात आलं.

मी उठलो, भिंग लावलं, कडा पाहिल्या आणि माइकवर म्हणालो, "इतकी वर्षं मी काचेवरूनच पाहिली होती. ही पाडलेली नाहीत, ओतीव आहेत. नकली."

इमामभाई, नाणी खरी होती. सातही. पहिलं हातात घेतलं तेव्हाच मला कळलं होतं.

मागून कुणीतरी बोललं, "घड्याळातबी असंच करत असंल ह्यो." ते तुम्ही ऐकलंत. आठवडाभर लोक दुकानात येऊन, आमच्या घड्याळातला मूळचा पार्ट काढला का, असं विचारू लागले. परवेज म्हणाला, पुण्यात कुणालातरी दाखवू. तुम्ही म्हणालात, "बावा तर गेले. आता सर सांगत्यात त्येवढं बास."

मग तुम्ही मला बोलावलंत. शेजारच्या दादासाहेबांच्या फॅब्रिकेशनच्या शेडमधून घण आणि ऐरण रस्त्यावर आणली होती. माणसं जमली होती. "मी फसलो, पण मी फसवणारा न्हाय," तुम्ही त्यांना सांगितलंत. मग माझ्याकडे वळून विचारलंत, "सर, कुठनं सुरू करू?"

मी म्हणालो, "मेषेपासून."

जुनं कांसं आतून ठिसूळ झालेलं असतं. ते घणाखाली फुटतं. कालपरवा ओतलेलं असतं तर नुसतं चपटं झालं असतं. दुसऱ्या नाण्याला तुम्ही थांबलात. तुमचा हात कारागिराचा, तुम्हाला जाणवलं. "सर, हे फुटतंय कसं?" मी म्हणालो, "हलका माल." तेव्हा पाच शिल्लक होती. सिंहापाशी तुम्ही परत थांबलात, शर्टाच्या बाहीनं तो पुसलात. मी घड्याळात पाहिलं, मला उशीर होतोय असं दाखवायला.

सगळं झाल्यावर तुम्ही माझे दोन्ही हात धरलेत. "तुमी होता म्हणून डोळं उघडलं." तेव्हापासून पाच वर्षं, दर ईदेला डबा.

बारामती सोडून मी मिहिरकडे आलो ते गुडघ्यामुळे, असं मी सगळ्यांना सांगतो.

आता शेवटचं. फेब्रुवारीत बावांची मुलगी नाण्यांचे जुने फोटो आणि ती खरी असल्याचे कागद घेऊन तुमच्या दुकानी आली होती. तुम्ही जुम्म्याच्या नमाजाला गेला होतात, तुमच्या बेगम रोशनबी बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्या एसटीनं एकट्या इंदापूरला आल्या. पाणीसुद्धा घेतलं नाही. "सर, तुमाला तवाच ठावं होतं?"

मी होय म्हणालो.

त्या म्हणाल्या, "त्यांना सांगू नका. नाणी गेली, ते त्यांनी सोसलं. पण सर देवमाणूस हाय, असं रोज म्हणत्यात. ह्यो इस्वास गेला तर ते उरायचे न्हाईत. डाक्टरनी जपायला सांगितलंय." माझ्याकडून शब्द घेतला. मी दिला.

तो आज मोडतोय. पत्र घरी नाही, दुकानाच्या पत्त्यावर टाकतोय, म्हणजे आधी त्यांच्या हाती पडायचं नाही. तुम्हाला खरं कळावं म्हणून लिहितोय, असं सुरुवातीला मी स्वतःला सांगत होतो. तसं नाही. तुमचे आभार मला आता ऐकवत नाहीत, एवढंच. त्यापेक्षा तुमची छाती दुखलेली मला चालेल, हे लिहिताना कळलं.

रोशनबींवर रागावू नका.

माफी मागत नाही. मागितली तर तुम्ही द्याल, आणि वर पुन्हा माझेच आभार मानाल.

पत्र संपवताना मला हलकं वाटतंय. तेही तुम्हाला ठाऊक असावं.

राम