पाकीट मी उघडलेलं नाही

मी, खाली सही करणारा, वय वर्षं चोवीस, काम डिटेक्टरच्या केबली जोडणं, ज्याला प्रयोगशाळेत सगळे फ्यूज म्हणतात, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. तापलेलं आहे, पण ठिकाणावर आहे. या दोन गोष्टींत फरक असतो आणि तो वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावा. शरीर धडधाकट आहे, उजव्या अंगठ्यावरचा सोल्डरिंगचा चटका सोडून. हे लिहिण्यासाठी कोणी दबाव आणलेला नाही. आणला असता तर मी लिहिलंच नसतं.

हे प्रेमभंगाचं पत्र नाही आणि जिवाचं काही बरंवाईट करून घेण्याचा माझा विचार नाही, हेही इथेच नोंदवतो. मला पुष्कळ जगायचं आहे, कारण पुष्कळ जणांना पुष्कळ ऐकवायचं राहिलं आहे. कारण साधं आहे. उद्यापासून आमचं यंत्र आठ आठवडे बंद राहणार आणि आम्ही बारा जण शाफ्टमधून जमिनीखाली शंभर मीटर उतरून जुन्या केबली काढून नव्या घालणार. सुरक्षा अधिकारी बाईंनी काल शिकवलं, की खाली हेलियम वायू गळाला तर तो वर चढतो आणि श्वासाला हवा उरत नाही, तेव्हा वाकून चालायचं. मी म्हणालो, "बाई, मी आजवर कुणापुढे वाकलेलो नाही." त्या म्हणाल्या, "मग तुम्ही फॉर्म जरा नीट भरा." फॉर्मवर 'आपल्या पश्चात' या मथळ्याखाली तीन ओळी सोडल्या आहेत. माझ्या पश्चात जे आहे ते तीन ओळींत मावत नाही. म्हणून ही पुरवणी.

१. याआधीचं माझं मृत्युपत्र नाही. आठवीत असताना दादाशी भांडून खोलीच्या दाराला चिकटवलेली चिठ्ठी मात्र रद्द समजावी. तिच्यात दादाला काहीही द्यायचं नाही असं लिहिलं होतं. आता थोडं देणार आहे.

२. वडील गेल्यावर घर आई, दादा आणि मी अशा तिघांच्या नावावर झालं. त्यातला माझा हिस्सा आईला. बँकेत जे काही असेल तेही आईला. मी राहतो ती खोली भाड्याची आहे; तिथली गादी, कपाट आणि खिडकीतली कुंडी यांचं आईने हवं ते करावं, फक्त कुंडी दादाच्या घरी नेऊ नये. तिथे झाडं जगत नाहीत.

३. हत्यारांची पेटी. ही वडिलांची. ते लिफ्ट दुरुस्त करायचे आणि अडकलेल्या माणसाशी बाहेरून गप्पा मारत मारत दार उघडायचे. पेटी वहिनीला द्यावी. दादाला नव्हे. मागच्या सुट्टीत जेवताना दादाने विचारलं, "तू तिथे नक्की करतोस काय?"

"केबली जोडतो."

"म्हणजे वायरमन."

"डिटेक्टर पाच मजली आहे, दादा. एक जोड सैल राहिला तर त्या बाजूने गेलेला कण दिसतच नाही. गेला तो गेला."

"पण वायरमनच ना?"

वहिनी म्हणाली, "अहो, आपल्या घरातला पंखा दोन वर्षं बंद आहे. असू दे की घरात एक वायरमन." त्या एका वाक्यासाठी पेटी तिची. पंखा मी निघताना दुरुस्त करून आलो होतो, पण दादाने तेव्हाही फक्त "आवाज येतोय" एवढंच म्हटलं. दादाला माझं घड्याळ द्यावं. ते पाच मिनिटं पुढे आहे. त्याला कायम पुढेच राहायचं असतं.

४. कॉलेजची पुस्तकं रद्दीत न घालता ज्याला हवी त्याला द्यावीत. मी कॉलेज दुसऱ्या वर्षी सोडलं. नातेवाइकांत याची तीन कारणं फिरतात: मुलगी, मारामारी आणि आळस. खरं कारण इथे लेखी देतो. लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वाचं उत्तर नऊ पॉइंट आठ यायला हवं, माझं नऊ पॉइंट तीन येत होतं. सहा वेळा केलं, सहाही वेळा तेच. प्रात्यक्षिकाचे सर म्हणाले, "नऊ आठ लिहून टाक, पुढे हो." मी म्हणालो, मला जे दिसलं ते लिहीन. ते म्हणाले, "तुला काय दिसलं याला कोण विचारतंय?" मी प्रयोगवही मधोमध फाडली, अर्धी त्यांच्या टेबलावर ठेवली आणि बाहेर पडलो. माझं उत्तर चूक होतं, हे मला मान्य आहे. वरची गाठ सरकत होती आणि मोजून झाल्यावर दोरा दर वेळी तितकाच लांब होत होता. ते मला इथे कामाला लागल्यावर, केबलची गाठ सरकताना पाहून कळलं. तेव्हा कुणी नुसतं "चल, गाठ बघू" म्हटलं असतं तर मी आज पदवीधर असतो. उरलेली अर्धी वही माझ्याकडे आहे. तिच्याबद्दल पुढे.

५. लेखकयादी. आमच्या मागच्या शोधनिबंधावर दोन हजार नऊशे नावं आहेत. त्यात तीन वर्षं प्रयोगशाळेत न फिरकलेले आहेत आणि एक वारलेलेही आहेत, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. ज्यांनी केबली ओढल्या ते आम्ही शेवटच्या पानावर एका वाक्यात आहोत: 'तांत्रिक सहकाऱ्यांचे आभार.' त्या वाक्यातला माझा वाटा मी माझ्या टोळीतल्या बाकी अकरा जणांना समसमान देतो. जपून वापरावा, फार मोठा नाही.

६. माझी डोक्याला बांधायची टॉर्च गॉगलला द्यावी. गॉगल म्हणजे आमच्या गटातला तो संशोधक, जो इमारतीच्या आतही काळा चष्मा कपाळावर चढवून फिरतो. कारण पुढच्या कलमात आहे.

७. पाकीट. हे माझ्या मालकीचं नाही, म्हणून मी ते कुणाला देऊ शकत नाही. पण ते माझ्या ताब्यात आहे, आणि खरं सांगायचं तर ही सगळी पानं त्याच्यासाठीच लिहिली आहेत.

आमचं यंत्र प्रोटॉनवर प्रोटॉन आपटतं. सेकंदाला कोट्यवधी टकरी होतात आणि जवळजवळ सगळ्या जुन्याच गोष्टी पुन्हा सांगतात. आमचा गट एका जड कणाच्या मागे आहे, जो आजवर कुणाला दिसलेला नाही. मोठे सर, म्हणजे गटाचे प्रमुख, म्हणतात की चार वर्षं एकच गोष्ट शोधली की ती भिंतीवरच्या डागातही दिसायला लागते. म्हणून त्यांनी नोंदींमध्ये काही बनावट टकरी मिसळल्या आहेत, किंवा मिसळलेल्या नाहीत. मिसळल्या असतील तर त्यांचे क्रमांक पाकिटात आहेत. नसतील तर पाकिटात कोरा कागद आहे. शोधणाऱ्यांनी आपलं काम संपवून निकाल लेखी दिला की सगळ्यांसमोर पाकीट उघडायचं. बनावट तेवढं वगळायचं, उरेल ते खरं. सगळ्यांची बैठक सहा आठवड्यांनी आहे.

पाकिटाच्या जोडावर लाख आहे, आणि लाखेच्या दोन्ही बाजूंना सरांची आणि माझी सही. माझ्या हातात देताना सर म्हणाले, "तुझ्याकडे ठेव. तुला यातलं काही कळत नाही, तेच बरं." हे वाक्य मी विसरलेलो नाही आणि सरांनीही विसरू नये म्हणून इथे लिहिलं. पाकीट माझ्या तिसऱ्या ड्रॉवरमध्ये, केबल दाबायच्या पकडीखाली आहे. चौदा महिने.

गॉगल एकदा येऊन म्हणाला, "उघडू नकोस रे. नुसतं दिव्यासमोर धर. काय बिघडतंय?" मी त्याला काय बिघडेल ते कॉलर धरून सांगितलं. टॉर्च त्यासाठी.

आता तिच्याबद्दल. नोंदी चाळणाऱ्यांत ती आहे, पीएच.डी.चं चौथं वर्ष. सगळे तिला ताई म्हणतात, तिच्याहून मोठेसुद्धा. मी एकदाही म्हटलेलं नाही. समजणाऱ्याने समजावं, ती समजली होती असं मला दीड वर्ष वाटत होतं. तीन आठवड्यांपूर्वी दुपारी कॅन्टीनमध्ये ती माझ्यासमोर येऊन बसली, चमच्याने ट्रेवर चार रेघा ओढल्या आणि म्हणाली, "चार. अर्धीसुद्धा येईल असा अंदाज नव्हता. आपल्या कणासारख्या चार टकरी सापडल्या."

मी हसलो.

"हसतोस काय?"

"काही नाही."

"तुला माहीत आहे." तिचा चेहरा उतरला. "बनावट आहेत त्या. पाकीट तुझ्याकडे आहे, आणि तू हसलास."

"मी पाकीट बघितलेलं नाही."

"तू? चहाला उकळी येईपर्यंत तुला दम धरवत नाही. आणि चौदा महिने बघितलं नाहीस?"

"नाही बघितलं म्हणजे नाही."

"चार वर्षं जातायत माझी त्यात. निदान खोटं तरी बोलू नकोस."

मी ट्रे आपटला. आमटीचा वाडगा पलीकडच्या टेबलावर गेला. तेव्हापासून आम्ही बोललेलो नाही.

मी कॉलेज सोडलं ते न दिसलेलं लिहिणार नाही म्हणून, आणि माझ्यावर आरोप कसला, तर बघायचं नाही ते बघितल्याचा. तोही तिने करावा. मी रांगेत थांबत नाही, लिफ्टची वाट न पाहता नऊ मजले जिने चढतो, सोल्डर गार होण्याआधी हात लावतो, त्याचा पुरावा अंगठ्यावर आहे. आयुष्यात एकदा, एकाच गोष्टीसाठी मी धीर धरला. आणि तोच एक कुणाला पटत नाही.

मी का हसलो, हे तिथे सांगायला हवं होतं. त्याऐवजी ट्रे आपटला, ही माझी चूक, तीही नोंदवतो. तिच्या नाकाच्या शेंड्याला मार्करची निळी शाई लागली होती, आणि 'चार' म्हणताना ती इतकी आनंदात होती, की मला हसण्यापलीकडे काही करता आलं नाही. त्या चार टकरी खऱ्या की बनावट, मला आजही ठाऊक नाही. खऱ्या असाव्यात असं मला रोज वाटतं, आणि तसं वाटतं म्हणूनच मी तो ड्रॉवर चौदा महिन्यांत पकड काढण्यापलीकडे उघडलेला नाही.

मी परत आलो नाही तर पाकिटाचा ताबा स्टोअरवाल्या काकांकडे जावा. ते नोंदी चाळत नाहीत, आणि स्क्रूसुद्धा सही घेतल्याशिवाय देत नाहीत.

८. याच काकांना मी माझा चांगला मल्टीमीटर देणार होतो. ते म्हणाले, "नको. मी साक्षीदार म्हणून सही करतो."

"दोन्ही करा की, काका."

"तसं चालत नाही, फ्यूज. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नसतं. सही केली की त्याच्या नावचं कलम गेलं. नाहीतर जो तो आपल्याच फायद्याला साक्षीदार होईल."

"मग मल्टीमीटर घ्या, साक्षीदार दुसरा शोधतो."

"मल्टीमीटर माझ्याकडे चाळीस आहेत," काका म्हणाले. "साक्ष द्यावी असं माणूस क्वचित भेटतं." मल्टीमीटर टोळीतल्या सगळ्यात नव्या माणसाला द्यावा.

९. तिला दोन गोष्टी. एक, अर्ध्या प्रयोगवहीतलं नऊ पॉइंट तीनचं पान, सहाही मोजमापांसह. ते चूक आहे पण खोटं नाही, हा फरक तिला तिच्या कामामुळे कळेल. दुसरी, माझी सायकल. एका शाफ्टच्या इमारतीपासून दुसऱ्या इमारतीपर्यंत जायला ती नेहमी हीच उसनी न्यायची आणि परत आणताना सीट खाली करून आणायची. दीड वर्ष मी रोज सीट वर केली. आता करायला नको.

अट एकच. दोन्ही घेण्याआधी तिने तिसरा ड्रॉवर उघडून लाख स्वतः पाहावी. फुटलेली दिसली तर मी वर लिहिलेलं सगळं खोटं समजावं आणि सायकल गॉगलला द्यावी. अख्खी दिसली तर काही बोलायची गरज नाही. मी ऐकायला नसेनच.

यापुढे माझं काही देणं उरलेलं नाही. राग सोबत घेऊन खाली उतरतो आहे. तो कुणाला देण्यासारखा नाही, आणि खाली थंडी असते.

हे सर्व मी वाचून पाहिलं, दोन ठिकाणी शिव्या खोडल्या, आणि उरलेल्या मजकुराला बांधील राहून दोन साक्षीदारांसमोर सही करत आहे.

ठिकाण: शाफ्टच्या वरची इमारत, स्टोअरच्या खिडकीजवळचं टेबल
दिनांक: यंत्र बंद होण्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवार, दुपारी साडेतीन

(सही)
फ्यूज

साक्षीदार पहिला: स्टोअरवाले काका. सही माझ्यासमोर झाली. सही करताना लिहिणारा शुद्धीत होता, फक्त पेन फार दाबत होता. दुसरा साक्षीदार मिळेना, म्हणून स्टोअरमध्ये टेप मागायला आलेल्या व्यक्तीला मी थांबवून घेतलं. कोणाला, हे फ्यूजला पाठमोरा असल्याने आधी कळलं नाही.

साक्षीदार दुसरी: सही माझ्याही समोर झाली. साक्षीदाराने आतला मजकूर वाचायचा नसतो असं काका म्हणाले. मी उभ्या उभ्या सगळा वाचला. तो तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत होता, त्यामुळे त्याने अडवलं नाही. काकांनी माझ्यासोबत येऊन तिसरा ड्रॉवर उघडला. लाख अख्खी आहे. दोन्ही सह्यांवर चौदा महिन्यांची धूळ आहे, बोटाचा ठसा एकही नाही. पाकीट मी हातात घेतलं नाही.

चार टकरी सापडल्या तरी मी निकाल छापत नाही, आणखी मोजायला हवं म्हणते. एका हसण्यावरून मात्र मी माणसाला खोटारडा ठरवला. ही चूक माझ्या नावावर लिहावी.

सही करते आहे, म्हणजे कलम नऊ रद्द झालं, हे काकांनी मला समजावलं आहे आणि मला मान्य आहे. सायकल मला अशी नकोच. उद्या सकाळी लागणार आहे, उसनी. सीट खाली करून ठेवावी.

(सही)
जिला एकाने कधी ताई म्हटलं नाही ती