झेरॉक्समध्ये न उमटलेले सेमीकोलन

लातूर, मंगळवार

मोबाईल ॲपच्या माझ्या क्लासमध्ये आज जवळजवळ सगळ्या मुलींची एकच चूक. कोडच्या ओळीशेवटी सेमीकोलनच नाही, मग ॲप चालणार कसं! एकमेकींचं बघून लिहिलं म्हणून मी झापलं. मुखेडची सुनीता रडकुंडीला आली, "म्याडम, नोट्समधी हाय तसंच लिहिलंय."

चूक शोधण्यात माझा हात धरणारं लातुरात कोणी नाही. घरी येऊन माझ्या नोट्सची तिची झेरॉक्स माझ्या वहीशेजारी ठेवली. वहीत प्रत्येक सेमीकोलन मी पिवळ्या स्केचपेननं काढलाय, ठळक दिसावा म्हणून. झेरॉक्समध्ये पिवळं उमटलंच नाही.

ॲप चाललं ते एकट्या सलमाचं. तिनं झेरॉक्स न काढता माझ्या वहीवरून हातानं उतरवलं होतं, आणि उशीर लावला म्हणून मी तिलाच उभं केलं.

उद्या आधी सलमाची माफी, सगळ्यांसमोर. मग पिवळा पेन कचऱ्यात.