एप्रिलपर्यंत टिकणारा बर्फ

३ मार्च

गुलमर्ग कटाप! मार्चअखेर तिथं खोल्या स्वस्त होतात म्हणे — पण त्यांचं स्वस्त आपल्याला महागच. औलीपण गेलं. तिथला बर्फ तोवर राहील याची खात्री नाही. सोबतीला दोस्त सुगत, त्याचा परीक्षेचा निकाल महिनाअखेरीस. त्याआधी तो हलत नाही, आणि चौदा एप्रिलला जयंतीच्या मिरवणुकीत तो गावात पाहिजेच, लेझीम पथकात पुढं असतो. मधले दहा-बारा दिवस आपले. तेवढ्यात जायचं, स्नोबोर्डवर उभं राहायचं, पडायचं, परत यायचं.

आम्ही दोघांनी आजवर पाहिलेला बर्फ म्हणजे रसवंतीवाल्याच्या गोणपाटाखालचा.

५ मार्च

सिस्सू! हिमाचलात, लांब बोगद्याच्या पलीकडं. एप्रिलात पण पांढरं.

दुपारी ताईच्या झेरॉक्सच्या दुकानात बसलो होतो. अकोल्याच्या जठारपेठेत नुसतं ऊन, माणूस नाही. मोबाईलवर तिकडच्या एका डोंगराचा लाईव्ह कॅमेरा लावून ठेवतो — दिवसभर तोच उतार. काहीच होत नाही. एखादं कुत्रं उतरतं, बस. पाहता पाहता कूलरचा वारा तिकडचा वाटायला लागतो. एका बाईला आधारकार्डाच्या दोन प्रती पाहिजे होत्या, मी वीस काढल्या.

रागिणीताई — "कुठं हाये रे बंडू तू?"

"सिस्सूले."

"आंघोळ करून जाजो."

९ मार्च

सुगतचा फोन. सहा वर्षं झाली त्याला अमरावतीच्या अभ्यासिकेत, स्पर्धा परीक्षेसाठी. आम्ही दोघं हिवरखेडचे, एकाच बाकावरचे — तो पुस्तकात, मी खिडकीबाहेर. मागच्या वर्षी त्याची पूर्वपरीक्षा निघाली तेव्हा जानरावकाकांनी गावभर पेढे वाटले. काका म्हणजे त्याचे वडील, रिटायर पोस्टमन. अजून भेटेल त्याला सांगतात, "आमचा साहेब होऊन राहिला." आता मुख्य परीक्षेचा निकाल.

म्हटलं, "नंबर दे, दुकानातून पाहतो."

"नजर लागते बे!"

खरं लिहितो. इथं कोण वाचतंय. तो नापास व्हावा असं वाटतं मला. पास झाला की मुलाखत, कागदपत्रं, मेडिकल, ट्रेनिंग. मग साहेब. साहेब काय माझ्यासंग बर्फात पडणार आहे?

लिहून घाण वाटलं.

१० मार्च

कालचं पान फाडणार होतो. राहू दिलं.

१६ मार्च

निघालो होतो परतवाड्याला, ताईचं शाईचं सामान आणायला. चिखलदऱ्याला जाणारा टेम्पो दिसला — बसलो! प्लायवूडची एक फळी पण मिळाली टेम्पोवाल्याकडं. वाळलेल्या गवताच्या उतारावर उभं राहून पाहिलं. चारदा पडलो, पाचव्यांदा पण पडलो, पण पाचव्यांदा पडायच्या आधी एक क्षण होता. पायाखाली काही नव्हतं. आवाज पण नव्हता.

मग फळी तिथंच ठेवून भलतीकडंच गेलो. कॉफीच्या बागेत फुलं आलेली. फांदीभर पांढरी, वास मोगऱ्यासारखा. खाली बसून राहिलो. बर्फाला वास असतो का? कुणी लिहीत नाही ते. सुगत असता तर म्हणाला असता, "उठ बे, गाडी जाईन." गाडी गेलीच.

शाई राहिली. ताईनं मला न विचारताच जेवून घेतलं.

२० मार्च

सिस्सूतला रिंचेन, बोर्ड आणि खोली भाड्यानं देणारा, फोनवर विचारतो — "भैया, कौन सा पैर आगे?" बोर्डवर एक पाय कायम पुढं असतो, तसे पट्टे लावावे लागतात. मला काय माहीत! तो हसला. म्हणे, कुणाला तरी मागून अचानक ढकलायला सांगा, जो पाय पुढं पडेल तो तुमचा.

ताईला सांगितलं. ताईनं मनापासून ढकललं. काउंटरवर आदळलो. डावा.

"अजून एकदा पाहू का?" — शाईचा राग अजून आहे.

सुगतला विचारलं तर, "माहीत नाही बे, अभ्यास करून राहिलो." पण हे विचारून कळत नाही, ढकलावंच लागतं. उद्या अमरावती. न सांगता जातो, मागून जातो, आणि — धाड!

२१ मार्च

अभ्यासिकेत त्याच्या खुर्चीवर एक मुलगी बसलेली. अभ्यासिका सांभाळणारे शालिकराम म्हणाले, "सुगत? तो खिडकीजवळचा? दिवाळीच्या आधीच सोडली ना त्यानं जागा."

पायरीवर बसून फोन लावला.

"कुठं बे?"

"अभ्यासिकेत. वाचून राहिलो."

"मी पायरीवर बसून आहो."

तिकडून रस्त्यावरचा हॉर्न ऐकू आला, फोन कटला. मग पंधरा मिनिटांत आला. गाडीच्या मागं पार्सलची एवढी मोठी बॅग. घरोघरी पार्सलं पोचवतो. पाठ घामानं ओली.

"मुख्य परीक्षा दिलीच नाही मी. पूर्वच नव्हती निघाली."

"अन् मंग पेढे?"

"बुढ्यानं फोनवर विचारलं, निघाली का? मी हो म्हटलं. नुसतं हो. पेढ्याचं मले काय माहीत?"

पाणी प्यायला. बाटलीचं बूच कितीतरी वेळ फिरवत राहिला. "सिस्सू नको बंड्या. त्याच्या वर पाह्य कुठं. जिथं फोनच लागत नाही असं."

"अन् चौदा एप्रिलले?"

गाडीला किक मारली त्यानं. "तीन पार्सलं राह्यली माही."

ढकलायचं राहून गेलं. त्याचं नापास होणं मागत होतो मी — घे!

२३ मार्च

रिंचेन म्हणतो, वर एक गाव आहे. पाच घरं, बर्फ मे महिन्यापर्यंत, खोली खालच्यापेक्षा स्वस्त. नेटवर्क अजिबात नाही. दुपारभर तेच गाव पाहत होतो डोळे मिटून. पाच धुराडी. सुगत एका ओट्यावर बसलेला, पाय बर्फात. हाक मारतो तर मागं वळत नाही. परत येताना गाडीत मी एकटाच.

म्हणजे मीच त्याला तिथं ठेवून येणार का?

संध्याकाळी फोनवर घरी सांग म्हटलं त्याला. म्हणाला, "बुढ्याच्या तोंडाकडं पाहून नाही होत बे."

२४ मार्च

उद्या संध्याकाळपर्यंत सांगा, वर का खाली — रिंचेन.

२५ मार्च

जानरावकाका डोळे तपासायला अकोल्याला आले होते. दुकानात टेकले. पाणी प्यायले. म्हणाले, "बंडू, मी दिवाळीत फराळाचा डबा घेऊन गेलतो अमरावतीले. अभ्यासिकेत."

मी झेरॉक्सचं मशीन बंद केलं.

"मले माहीत हाये हे त्याले सांगू नको. त्याचं त्यानं सांगू दे. लोकाइच्या दारात मरणाच्या तारा दिल्या मी. समोर उभं राहून वाईट सांगणं लई जड जाते रे."

चष्मा पुसला. मग म्हणाले, "तुमी जाऊन राहिले तिथं फोन लागते ना?"

रिंचेनला कळवलं. फोन लागतो ती खालची खोली. सिस्सू.