सवतीचं पुढचं चाक

आदरणीय विहीणबाई,

तुम्हाला आणि तुमच्या दुखऱ्या गुडघ्याला वेगवेगळा नमस्कार. गुडघा कसा आहे? तेल लावता, की लावलं म्हणून नुसतं सांगता? काल पार्सलने पाठवलेला स्वेटर मिळाला की उघडून बघा, पण दार लावून आणि एकट्याने. कारण मागाहून सांगते. (शाळेने मला सोडलं की मी शाळेला, ते अजून ठरायचंय. तेव्हा अक्षर लागेल तेवढं लावून घ्या, बाकीचं मनाने भरा.)

इकडे सगळे खुशाल. तुमचे चिरंजीव, म्हणजे आमचे जावई, फारच खुशाल. त्यांनी माझी सवत विकायला काढली होती. घाबरू नका, सवत म्हणजे आमचा तो जुना ट्रक, चारही चाकांनी चिखल उपसणारा. आमचे हे होते तेव्हा सुट्टीचा अख्खा दिवस त्याच्याखाली आडवे असायचे, नुसती पावलं दिसायची. मी पावलांशी चहा ठेवायची. तेव्हापासून मी त्याला सवतच म्हणते. पण विहीणबाई, हे गेल्यावर ह्यांच्या सवयी माहीत असलेल्या आम्ही दोघीच उरलो. तिला बोलता येत नाही, म्हणून तर आमचं जमतं. जावयांचं म्हणणं, दारातली जागा अडते. अडते खरी. माझ्यानेही अडतेच की, मला कुठे कोण विकतंय!

तर एक गिऱ्हाईक आलं. मिशीवाला, कमी बोलणारा. त्याने पुढचं चाक जॅकवर उचलायला लावलं, वर एक हात, खाली एक हात धरून हलवलं, तर टक् टक् वाजलं. "बेअरिंग सैल आहे. नीट करून ठेवा, रविवारी घेऊन जातो," म्हणाला आणि गेला. जावई म्हणाले, हात्तिच्या, मीच करतो. तुमच्या लेकाचा हात तुम्हाला ठाऊक आहे. ते बरणी झाकतात ती पुढच्या पिढीसाठी. त्यांनी बंद केलेला नळ उघडायला लेक माझ्याकडे येते, मी शेजाऱ्याकडे जाते.

झालं तसंच. त्यांनी चाक काढलं, आतला नट असा आवळला की कपाळावरची शीर मला व्हरांड्यातून दिसली. मग चाक चढवून ऐटीत चक्कर मारायला निघाले. टक् टक् थांबलं होतं, कबूल. पण परत आले ते चाकातून धूर काढत. मी तांब्यातून चार थेंब शिंपडले, तव्यावर उडतात तसे उडाले. जावई म्हणाले, "आई, नवीन ग्रीस असं थोडं तापतंच." मी म्हटलं, हो का, मग भाकरीच टाकते.

आता मला ह्यांची रीत पाठ. बेअरिंग पायजम्याच्या नाडीसारखं बसवायचं, असं हे म्हणायचे. आधी गच्च ओढायचं म्हणजे सगळं जागेवर बसतं, मग सैल सोडायचं, मग जेवता येईल इतपतच परत ओढायचं. पण सासूने जावयाला नाडीचं सांगायचं कसं? काही लाजलज्जा आहे की नाही! म्हणून मी लेकीच्या कानात सांगितलं. तिने ते गल्लीच्या टोकापर्यंत पोचेल अशा आवाजात नवऱ्याला सांगितलं, "अहो, आई म्हणते, नाडी सैल सोडा!" समोरच्या गॅलरीतले शिंपीबुवा खाली वाकून बघायला लागले. चाकामागे जावयांचा पाना खणकन पडला. मग हळूच, "किती सैल, विचार."

त्यानंतर मात्र आम्ही तिघं कामाला लागलो. मी पालथ्या बादलीवर बसले, लेक चाक फिरवत राहिली आणि जावयांनी नट आवळला, सोडला, मग नुसता बोटांनी लावला. विहीणबाई, काय फिरलं हो चाक! एका बोटाने ढकललं तर गुपचूप फिरतच राहिलं. जावई मांडी घालून त्याच्याकडे बघत बसले, बाळाला पहिल्यांदा मांडीवर घेतल्यासारखे. आणि मी मनात म्हटलं, आता कुठली खोट उरली? मीच शहाणपणा शिकवून सवतीची पाठवणी नक्की केली.

तेवढ्यात जावई म्हणाले, "इथला लॉक वॉशर कुठे गेला?" (दोन नटांच्या मध्ये एक पातळ चकती असते, तिचा कान दुमडला की नट आपोआप सुटत नाहीत. तिच्याशिवाय गाडी जागची हलवायची नाही. बाजारात आता ती मिळतही नाही.) सुटे भाग धुवायला ठेवलेल्या रॉकेलच्या ताटलीत बाकी सगळं होतं, तेवढीच नव्हती. त्यांनी अंगण झाडलं, लेकीने नाली उपसली, मीही चष्मा लावून फार मनापासून शोधलं.

काळजी घ्या. गुडघा शेकत जा.

तुमची,
विहीण

ता. क. चकती स्वेटरच्या डाव्या बाहीत आहे. पिठाच्या डब्यात तळाशी ठेवा. तुमचा लेक विचारायला आला तर गुडघा दुखतोय म्हणून कण्हा.

ता. क. दुसरा. वरचं रद्द! आत्ता मिशीवाला येऊन गेला. त्याने चाक फिरवलं, खूश झाला, किल्ली मागायला हात पुढे केला, तर जावयांनी किल्ली खिशात टाकली. म्हणाले, "हे चाक मी बसवलंय. दुसरा कोणी आवळून वाट लावेल." आणि मला म्हणाले, "आई, चकती सापडू दे, पहिली चक्कर तुमची." आता मी तोंड कुठे लपवू? तुम्ही तातडीने या, राहायला या, आणि येताना चकती हळूच त्यांच्या पान्यांच्या पेटीखाली सरकवा. वाकताना गुडघ्याचा उपयोग होईल.

ता. क. शेवटचा. स्वेटरही आणा. तो तुमच्यासाठी नव्हता, चकती वाजू नये म्हणून गुंडाळला होता. जावयांचा आहे. सकाळपासून तोही शोधताहेत.