अंतरा आठवेना

रविवार, १४ सप्टेंबर

प्रिय ताई,

गुडघा कसा आहे? जिने उगाच चढू-उतरू नकोस. इकडे सगळे मजेत. सूनबाईला बढती मिळाली. चष्म्याचं दुकान बरं चालतंय.

फोन केला नाही, कारण माझ्या आवाजावरून तू लगेच ओळखतेस.

दर रविवारी सकाळी दुकानामागच्या खोलीत आम्ही तिघं वाजवतो, हे तुला ठाऊक आहेच. ड्रमवर आमचा प्लंबर, गिटारवर दातांच्या डॉक्टरबाई, व्हायोलिनवर मी. गाणी मीच निवडतो. तिघांनाही झोपेतून उठवलं तरी येईल असंच गाणं घ्यायचं, पट्टी आधी ठरवायची. आपली पाळी आली की मुखड्याचे दोन-तीन सूर धरून निघायचं, मग हवं तिकडे भटकायचं. पण दुसऱ्यांचं ऐकत, म्हणजे परत येता येतं. हे मीच त्या दोघांना शिकवलं.

गेले तीन महिने मी एकच संथ गाणं काढतोय. प्लंबर म्हणालासुद्धा, "काका, आता ते गाणंच कंटाळलंय आपल्याला!" मी म्हटलं, "सोपं गाणंच खरा कस बघतं."

थाप मारली, ताई. बाकीच्या गाण्यांचे अंतरे मला आठवत नाहीत.

आज माझी पाळी आली, मी निघालो, आणि गाणंच गेलं. काय वाजवतोय तेच कळेना. समोरची दोघं ओळखीची, पण ती माझ्याकडे अशी का बघताहेत? बोटं थांबवायचीही भीती वाटत होती. थांबलो तर कुणीतरी काही विचारलं असतं. म्हणून सापडेल तो सूर वाजवत गेलो. अखेर डॉक्टरबाईंनी मोठ्यानं मुखडा गायला, तेव्हा कुठे जागेवर आलो.

प्लंबर उठून टाळ्या वाजवायला लागला. "काका, आज तोडलंत! हे कुठे लपवून ठेवलं होतं?"

तो गेल्यावर बाईंनी हळूच विचारलं, "हरवला होतात ना?"

"छे! मुद्दाम केलं."

त्यांनी बाहेर जाऊन कुणालातरी फोन केला आणि माझ्या हातात चिठ्ठी दिली. मेंदूचे डॉक्टर, गुरुवार, अकरा वाजता.

आई शेजाऱ्यांच्या कुलपाला आपली किल्ली लावत होती, आठवतं? विचारलं तर म्हणाली, "गंमत केली." आपण दोघंही हसलो होतो. तेव्हा ती एकोणसाठची होती. मी पुढच्या महिन्यात एकोणसाठचा होईन.

बायकोला अजून सांगितलेलं नाही. चिठ्ठी पाकिटात आहे. दुपारपासून चारदा काढून वाचली.

गुरुवारी येशील? डॉक्टर काहीबाही विचारतील. उत्तर आलं नाही की मी विनोद करून वेळ मारून नेईन, माझा स्वभाव तुला माहीत आहे. तेव्हा तू हसू नकोस.

भेदरलेला,
तुझा धाकटा